डिक्कीतली वही

वही डिक्कीत असते, सॅम्पलच्या बर्फाच्या डब्याखाली,
त्यामुळे पानांना कायम ओल.
पेनाची शाई पसरते, म्हणून पेन्सिल.
ओडोमीटर. लिटर. रुपये.
चौथा रकाना आखलाय, त्याला अजून नाव नाही.

लॅब पेट्रोलचे अठराशे देते.
मार्चमध्ये लागले बत्तीसशे शहाऐंशी.
गिल्लूरकर सर म्हणाले, "रक्त तर तेवढंच आहे मॅडम,
पेट्रोल कसं वाढून राहिलं?"
मी गप्प.
रक्त उपाशीपोटी घ्यायचं असतं,
आणि उपाशी माणसं नागपुरात एका ओळीत राहत नाहीत.

मग मीच ओळ लावली.
आधी मानेवाड्याहून थेट जरीपटका गाठायची,
कारण मोटवानी काकू पहाटेच फोन करतात;
तिथून उलटी सक्करदऱ्याला, मग पुन्हा वर सदरला.
आता सक्करदरा, महाल, इतवारी, मग काकू.
म्हटलं, चहा पाऊण तास उशिरा घ्या.
चार दिवस बोलल्या नाहीत, नुसता हात पुढे करायच्या.
पण एक्कावन्न किलोमीटरचे अडतीस झाले.

मेडिकल चौकातल्या इद्रीसभाईंनी
मागच्या चाकाला अंगठा लावला, नाडी बघावी तसा.
"गाडी नाही पिऊन राहिली मॅडम,
तुमचा उजवा हात पिऊन राहिला."
मी विचारलं, पहाटे भरलं तर जास्त येतं म्हणतात?
"टाकी जमिनीखाली आहे.
तिला काय ऊन न काय पहाट."

डिक्की रिकामी केली :
दोन पाने, गेल्या वर्षीचा रेनकोट, भावाच्या लग्नाच्या पत्रिका.
कोराडीच्या देवीचा नारळ मात्र राहिला.
सासूबाई म्हणाल्या, नारळाला कसलं आलं वजन!

अजनी चौकात नव्वद सेकंद.
डोक्यावर उन्हाळ्याची हिरवी जाळी.
मी इंजिन बंद करते.
मागचा हॉर्न वाजवतो, जणू त्याचंच पेट्रोल वाचतंय.
आणि त्या शांततेत
छातीतलं एक यंत्र ऐकू येतं,
जे मला कुठल्याच सिग्नलला बंद करता येत नाही.

मे : एकोणपन्नासचं अॅव्हरेज.
एकवीसशे.
अजून तीनशे वर.

वही सासूबाईंनी उघडली,
चष्मा नाकावर, बोट रविवारवर.
"तू मला हुडकेश्वरला सोडतेस न रिकामी परत येतेस.
संध्याकाळी रिकामी येतेस, मला आणायला.
दोन फेऱ्या फुकट.
शिकव मला."

एकसष्ट वर्षं.
लर्निंग लायसन्सवरच्या फोटोत डोळे मिटलेले.

बेसा रोडच्या लेआउटमध्ये गेलो,
जिथे सिमेंटचे रस्ते आहेत, खांब आहेत,
खांबांना दिवे नाहीत,
घरं अजून जाहिरातीतच आहेत.
पदर खोचून त्यांनी झटका दिला, ब्रेक दाबला,
झटका, ब्रेक,
इद्रीसभाईंचं सगळं शिकवणं उलट्या क्रमाने.
मी मागे बसून मिलीलिटर मोजत होते.
अकरा फेऱ्या. कुठेच पोचलो नाही.
प्लॉट नंबर चाळीस पाच वेळा आला,
एक कुत्रं प्रत्येक वेळी नव्याने भुंकलं.
या वहीतलं सगळ्यात वाईट अॅव्हरेज.

मग त्या थांबल्या. पाय टेकले. मागे न बघता म्हणाल्या,
"उतर न तू.
तुझं वजन लागून राहिलं गाडीला."

उतरले.
गाडी गेली, हलली, सावरली, सरळ झाली,
वळणापलीकडे दिसेनाशी झाली.
मग आवाजही नाही.

कडेच्या दगडावर बसून वही उघडली.
तारीख घातली.
पहिले तीन रकाने तसेच ठेवून
चौथ्यावर पेन्सिल टेकवली
आणि वाट बघत राहिले.

आधी ऐकू आला तो डिक्कीतला नारळ,
गडगड, गडगड.
मग गाडी.